डाग आणि खड्डा

मराठी भाषेत नाकाच्या खालोखाल मान मिळाला असेल तर तो दातांना. आपण दाताच्या कण्या करतो, कुणावर दात धरतो, संतापलो की दातओठ खातो, आणि घरच्या माणसाची उणीदुणी काढायची वेळ आली म्हणजे ‘आपलेच दात, आपलेच ओठ’ म्हणून गप्प बसतो. चण्यांची आणि दातांची गाठ वेळेवर कधी पडत नाही, ही तक्रार तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. मात्र भाषेत एवढी आस्था बाळगणारा मराठी माणूस प्रत्यक्षात दातांकडे लक्ष देतो केव्हा? तर रात्री दोन वाजता दाढ ठणकू लागते तेव्हा. त्या ठणक्यापूर्वी वर्ष-दोन वर्षे दातात काय चालले होते, याची चौकशी करण्याची आपल्याला सवय नाही.

मी सुरतेतील एका मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेचा मुख्याध्यापक आहे. इकडे गुजरातेत या पदाला ‘आचार्य’ म्हणतात, आणि त्यावरून गावाकडचे नातेवाईक माझी थोडीफार थट्टाही करतात. शाळेत येणारी बहुतेक मुले खानदेशातून आलेल्या कुटुंबांतली. धुळे, नंदुरबार, जळगाव ही त्यांच्या आजोळ-पणजोळची गावे. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांतील लूमच्या कारखान्यांत आणि डाइंगच्या गिरण्यांत त्यांचे वडील काम करतात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली मुलांची आरोग्यतपासणी होते. तीत डोळे, कान, त्वचा यांच्याबरोबर दातही पाहिले जातात. गेल्या वर्षीच्या तपासणीनंतर माझ्या टेबलावर जी यादी आली, तिच्यात एकच शब्द पुनःपुन्हा येत होता: ‘सडो’. दाताच्या किडीला गुजरातीत सडो म्हणतात.

या यादीचे मला फारसे नवल वाटले नाही. २००२-०३ साली आपल्या देशात दातांची जी राष्ट्रीय पाहणी झाली, तीत बारा वर्षांच्या शंभर मुलांपैकी सुमारे चौपन्न मुलांच्या दातांना कीड आढळली होती. आमची मुले काही जगावेगळी नव्हेत. नवल वाटले ते पालकसभेत. ज्यांच्या पाल्यांची नावे यादीत होती अशा पालकांना मी बोलावले होते. सरकारी रुग्णालयाच्या दंतविभागात मुलांना केव्हा न्यावे, कागद कोणते लागतील, हे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरून एक गृहस्थ उठले. रात्रपाळी करून ते तसेच आले होते. ते म्हणाले, “सर, बाकी सगळं समजलं. एवढं एकच सांगा, सिमेंट न भरता दातातली कीड बरी होते का?”

हा प्रश्न आळसातून आलेला नव्हता. दवाखान्याची एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी. सिमेंट भरायचे म्हणजे एकाहून अधिक फेऱ्या. आणि घरात तीन मुले. ज्याच्या खिशाला प्रत्येक फेरीची झळ बसते, त्याने हे विचारलेच पाहिजे. त्यांच्या शेजारी बसलेल्या एका आजींनी उत्तर माझ्यावर सोपवले नाही. त्या अहिराणीत म्हणाल्या, “दाढले कीड लागनी म्हनजे रिंगनीनी धुरी देवानी.” सभेत काही जण हसले, पण बऱ्याच माना होकारार्थी हलल्या, हेही मी पाहिले.

योगायोग असा की त्याच आठवड्यात माझ्या कन्येचा फोन आला. सहा वर्षांच्या नातीच्या दाढेवर काहीतरी दिसत होते, आणि त्यावरून घरात दोन पक्ष पडले होते. मुलीचे म्हणणे, “बाबा, ताबडतोब सिमेंट भरून टाकू.” आमचे जावई वाचनाचे शौकीन आहेत. त्यांचे म्हणणे असे की आहार सुधारला तर दात आपोआप भरून येतो, डॉक्टर मंडळी उगाच कोरतात. आमच्या सौभाग्यवतींनी लवंगतेलाच्या बाजूने कौल दिला होता. मी भाषेचा शिक्षक. वैद्यकात मला गती नाही. पण शाळेतला आणि घरातला प्रश्न एकच निघाला, तेव्हा ओळखीच्या दंतवैद्यांना गाठून आणि ग्रंथालयात बसून तो नीट समजावून घ्यायचे मी ठरवले. त्यातून जे हाती लागले ते बृहन्महाराष्ट्रातील माझ्या वाचकबांधवांपुढे ठेवीत आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करू, कारण येथे शब्दानेच पुष्कळ घोटाळा केलेला आहे. आपण ‘कीड’ म्हणतो, आणि कीड म्हटले की डोळ्यांपुढे अळी येते. ही कल्पना फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत दातांच्या आठ रोगांमध्ये ‘कृमिदंतक’ मोजलेला आहे. दात काळा पडणे, त्याला छिद्र पडणे, तो हलणे, काही निमित्त नसताना ठणकणे ही त्याची लक्षणे तेथे दिली आहेत. निरीक्षण अचूक आहे; कारण मात्र त्या काळाला दिसणे शक्य नव्हते. बाबिलोनच्या प्राचीन मृत्तिकालेखांतही दातातल्या किड्याची कथा आहे, आणि युरोपातही अठराव्या शतकापर्यंत हाच समज होता. तिकडे रिंगणीच्या जागी खुरासनी ओव्याच्या बियांची धुरी देत. जॉन जेरार्ड या इंग्रज वनस्पतिज्ञाने १५९७ साली लिहून ठेवले आहे की, भोंदू लोक अशी धुरी देताना वाद्याच्या तारांचे बारीक तुकडे भांड्यातल्या पाण्यात टाकतात आणि रोग्याच्या तोंडातून पडलेले किडे म्हणून दाखवतात. पुढे १७२८ साली पियेर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने आपल्या ग्रंथात सांगितले की, सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनही आपल्याला दातात किडा आढळला नाही. अखेर १८९० च्या सुमारास बर्लिनमध्ये काम करणाऱ्या मिलर या अमेरिकन संशोधकाने खरा प्रकार उलगडून दाखवला. तोंडातले सूक्ष्म जंतू आपण खाल्लेल्या साखरेवर आणि पिठावर जगतात, त्यांतून आम्ल तयार करतात, आणि ते आम्ल दाताला विरघळवते. 

तेव्हा आपली मराठी ‘कीड’ अळीची आठवण देते, आणि गुजराती ‘सडो’ नासक्या फळाची. वास्तविक दोन्ही शब्द अपुरे आहेत. दात पोखरला जात नाही, आणि सुरुवातीला सडतही नाही, तो विरघळतो. हा एक शब्द बदलला की अर्धा प्रश्न सुटतो. अळी असती तर धुरीने पळाली असती. विरघळणे थांबवायचे तर आम्लाचा बंदोबस्त केला पाहिजे.

हे विरघळणे कसे चालते ते थोडे पाहू. दाताच्या वरचे कवच, ज्याला इनॅमल म्हणतात, ते आपल्या शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य आहे. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा, मुख्यत्वे कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचा असतो. आपण गोड किंवा पिठूळ काही खाल्ले की काही मिनिटांतच दातावरच्या चिकट थरात आम्ल वाढते. आम्लता मोजण्याच्या पट्टीवर आकडा साडेपाचाच्या खाली उतरला की कवचातले खनिज बाहेर पडू लागते. नंतर लाळ आपले काम करते. ती आम्ल धुऊन काढते, मवाळ करते, आणि अर्ध्या-पाऊण तासात तोंड पूर्वपदावर येते. लाळेतच कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळलेले असतात. ते पुन्हा कवचात जाऊन बसतात. म्हणजे दाताच्या पृष्ठभागावर दिवसभर जमाखर्च चालू असतो. दोन खाण्यांच्या मध्ये पुरेसा अवकाश मिळाला तर वही जुळते. दर तासाला तोंडात काहीतरी पडत राहिले तर खर्चच वाढत जातो, आणि काही महिन्यांनी तूट डोळ्यांना दिसू लागते. ती प्रथम दिसते ती काळी नव्हे, तर पांढरी. दात पुसून कोरडा केला की खडूने टेकवल्यासारखा एक निस्तेज ठिपका दिसतो.

नातीला घेऊन आम्ही ओळखीच्या दंतवैद्यांकडे गेलो, तेव्हा त्यांनी नेमके हेच केले. दाढ कापसाने पुसली, हवा मारून कोरडी केली, दिव्याखाली पाहिली आणि गुजरातीत म्हणाले, “साहेब, आ तो हजी डाघ छे, खाडो नथी.” अजून डाग आहे, खड्डा नाही. साऱ्या विषयाचे सार या एका वाक्यात आले. डाग म्हणजे वरची भिंत शाबूत आहे, आतले खनिज मात्र उणे झाले आहे. हे उणे भरून निघू शकते. त्यासाठी कोरावे लागत नाही आणि सिमेंटही लागत नाही. त्यांनी दाढेवर फ्लोराइडचा लेप लावला. रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने मोठ्या माणसाने दात घासून द्यावेत असे सांगितले. दोन जेवणांच्या मधले गोड बंद केले. आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलावले. फ्लोराइडचे काम असे की, परत येणारे खनिज त्याच्या उपस्थितीत लवकर बसते, आणि जे बसते ते पहिल्यापेक्षा आम्लाला अधिक दाद देत नाही. तीन महिन्यांनी तो ठिपका लहान आणि चकचकीत झालेला होता. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी सांगितले की तो आता जागेवर थांबला आहे.

तेव्हा जावयांच्या पक्षाचा विजय झाला असे कुणी म्हणेल, आणि ते स्वतः तसे म्हणालेही. पण याच वर्षी शाळेत जे घडले ते त्यांना सांगितल्यावर ते गप्प झाले.

आमच्या पाचवीतला एक मुलगा होता. हुशार, कवितेचे पाठांतर उत्तम. त्याच्या खालच्या दाढेला मोठा खड्डा होता. वाचकहो, येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मूल सहा वर्षांचे झाले की दुधाच्या दाढांच्या मागे चार नव्या दाढा येतात. त्यांच्यासाठी एकही दुधाचा दात पडत नाही. म्हणून आईबापांना ती दाढ आल्याचे कळत नाही, आणि कळले तरी ‘दुधाचीच आहे, पडेल’ असे वाटते. ती पडत नाही. ती आयुष्यभराची असते, आणि कीड सर्वांत आधी बहुधा तिलाच धरते. या मुलाची दाढ तीच होती. ती काही आठवडे दुखली. घरच्यांनी लवंगतेलाचा बोळा ठेवला, शेकले, कुणाकडून तरी धुरीही देवविली. मग दुखणे एकाएकी थांबले. त्याची आई मला शाळेच्या फाटकाशी भेटली तेव्हा समाधानाने म्हणाली, “सर, बरी झाली बरं त्याची दाढ. आता काही दुखत नाही.”

दुखणे थांबले याचा अर्थ दाढ बरी झाली असा नव्हता. कवचाच्या आत दंतिन नावाचा मऊ थर असतो, आणि त्याच्याही आत मज्जा असते. नसा आणि रक्तवाहिन्या तेथे असतात. दुखते ती हीच मज्जा. जंतू तेथवर पोहोचले की ती सुजते, ठणकते, आणि काही काळाने मरते. ती मेली की वेदना संपते. घरात चोर शिरल्यावर ओरडणारा राखणदार गप्प झाला, यावरून चोर गेला असे अनुमान काढण्यासारखे ते आहे. वार्षिक परीक्षेच्या आठवड्यात त्या मुलाचा गाल सुजला, डोळ्याखालपर्यंत सूज चढली आणि ताप भरला. रुग्णालयात दाखल करावे लागले. पू काढला, औषधे दिली, आणि दाढ काढून टाकावी लागली. मूल वाचले, ठीक झाले; पण वयाच्या अकराव्या वर्षी त्याची आयुष्यभराची एक दाढ गेली, आणि वडिलांची तीन आठवड्यांची मजुरी गेली. एका वेळच्या सिमेंटाचा खर्च त्यापुढे काहीच नव्हता.

मग खड्डा आपोआप का भरत नाही? हाड मोडले तर जुळते, कातडी फाटली तर भरून येते, दाताने काय घोडे मारले आहे? उत्तर असे की हाडात आणि कातडीत जिवंत पेशी असतात, कवचात एकही नसते. कवच घडविणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येण्यापूर्वीच आपले काम संपवून नाहीशा होतात. कारागीर निघून गेलेल्या इमारतीसारखी ही गोष्ट आहे. गिलावा झिजला तर लाळ बाहेरून थोडा मुलामा देऊ शकते. भिंतच ढासळली तर ती पुन्हा बांधणारे तेथे कुणी उरलेले नसते. दंतिनाच्या आतल्या बाजूला मात्र काही पेशी जिवंत असतात, आणि हल्ला मंद असला तर त्या आतून नवा थर घालून मज्जेचा बचाव करतात. पण बाहेरचा खड्डा त्यांना बुजवता येत नाही. खड्ड्यात अन्न अडकते, ब्रशाचे केस तेथे पोहोचत नाहीत, लाळही धड पोहोचत नाही. म्हणून विरघळणे चालूच राहते.

येथे जावईबापूंच्या वाचनाला न्याय दिला पाहिजे, कारण त्यात तथ्याचा अंश होता. १९२० आणि १९३० च्या दशकांत इंग्लंडमध्ये मे मेलनबी या विदुषींनी मुलांच्या आहारात ‘ड’ जीवनसत्त्व वाढवून प्रयोग केले. त्यांत नवी कीड कमी लागली आणि काही जुनी कीड कडक होऊन थांबली. वेस्टन प्राइस या अमेरिकन दंतवैद्याने १९३९ साली ग्रंथ लिहून, पारंपरिक आहारावर राहणाऱ्या समाजांचे दात उत्तम असतात असे मांडले. त्या दोघांच्या आधाराने आज अनेक जण ‘दात भरून येतो’ असे सांगतात. परंतु ‘थांबली’ आणि ‘भरून आली’ या दोन क्रियापदांत जे अंतर आहे ते व्याकरणाचे नाही, दाढेचे आहे. कीड थांबू शकते, हे खरे. उघडा, उथळ, स्वच्छ राहणारा खड्डा काळपट, कठीण आणि गुळगुळीत होऊन वर्षानुवर्षे तसाच राहतो. वृद्ध मंडळींच्या दातांत असे थांबलेले खड्डे डॉक्टरांना पुष्कळदा दिसतात. पण खड्डा खड्डाच राहतो. लवंगतेलाने ठणका शमतो. दंतवैद्यही त्याचा उपयोग करतात. पण ते वेदनेवरचे औषध आहे, खड्ड्यावरचे नव्हे. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, तेलाचा गंडूष, कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी यांनी तोंड स्वच्छ राहण्यास मदत होते, एवढेच श्रेय त्यांना द्यावे.

आणि गंमत अशी की दातातला खड्डा बुजविणे ही काही पाश्चात्त्यांची कल्पना नव्हे. वाग्भटाने अष्टांगहृदयात, किडलेल्या दाताचे छिद्र गुळाने किंवा मेणाने भरून डागावे असे सांगितले आहे. गूळ भरण्याचा सल्ला आजचा दंतवैद्य देणार नाही. पण छिद्र बंद केले पाहिजे, हे मर्म त्या जुन्या वैद्यांना कळले होते.

मग त्या रात्रपाळीच्या गृहस्थांच्या प्रश्नाला उत्तर काय? डागाच्या अवस्थेत ‘होय’ आणि खड्ड्याच्या अवस्थेत ‘नाही’ एवढेच सांगून मला थांबता आले असते. पण या दोहोंच्या मध्ये तिसरी एक वाट आहे, आणि ती कामकरी कुटुंबांच्या विशेष उपयोगाची आहे. जपानमध्ये १९७० च्या सुमारास चांदी आणि फ्लोराइड यांचे एक द्रावण वापरात आले. त्याचे नाव सिल्व्हर डायअमीन फ्लोराइड. खड्डा न कोरता, सुई न टोचता, त्याचा एक थेंब काडीने लावतात. चांदी जंतू मारते, फ्लोराइड उरलेले दंतिन कडक करते, आणि बहुसंख्य खड्ड्यांत, सर्वच नव्हे, कीड जागच्या जागी थांबते. ठरावीक काळाने पुन्हा लावावे लागते. त्याचा एक दोष उघड आहे. किडलेला भाग कोळशासारखा काळा होतो, आणि तो काळेपणा जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत फ्लोराइडयुक्त पेस्ट आणि विशिष्ट प्रकारचे दातांचे सिमेंट यांच्याबरोबर या द्रावणाचाही समावेश केला. ते आता भारतातही मिळते. आमच्या बालवर्गातील एका मुलीच्या दुधाच्या दाढांना ते लावले. आई प्रथम बिचकली, “सर, मुलीची जात, काळे दात कसे दिसतील?” डॉक्टरांनी तिला समजावले की या मागच्या दाढा आहेत, दहा-बारा वर्षांच्या वयात पडतील, तोवर त्या दुखू नयेत आणि मुलीने नीट जेवावे एवढेच आपल्याला हवे. तिने मान्य केले. मुलगी आता दोन्ही बाजूंनी चावून खाते.

कोरण्याचे यंत्र आणि वीज यांच्यावाचून, केवळ हाताच्या अवजाराने मऊ भाग काढून तेथे सिमेंट भरण्याची पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात तयार झाली. स्कॉटलंडमधील नॉर्ना हॉल या दंतवैद्य बाईंनी तर लहान मुलांच्या किडलेल्या दुधाच्या दाढेवर, काहीही न कोरता, पोलादाची टोपी बसविण्याची रीत रूढ केली. आत जंतू राहिले तरी त्यांची साखरेची रसद तुटते, आणि ते निष्प्रभ होतात. सांगण्याचे तात्पर्य, ‘कोरून भरणे’ हा एकच मार्ग आता राहिलेला नाही. पण कोणत्या दाढेला कोणता मार्ग, हे दिव्याखाली पाहूनच ठरते. घरी बसून, धुरीने किंवा वाचनाने नव्हे.

फ्लोराइडविषयी दोन शब्द. ते अमृत नव्हे. गुजरातेत मेहसाणा भागात आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पाण्यातच त्याचे प्रमाण अधिक असल्यामुळे माणसांचे दात पिवळे-तपकिरी होतात, आणि काहींची हाडेही ताठरतात. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या आसपास असावे, दीडच्या वर जाऊ नये, असे आपल्याकडील मानक आहे. पेस्टमध्ये ते दहा लक्ष भागांत हजारांहून अधिक असू नये असा नियम आहे. म्हणून तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, आणि त्यापुढे वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. जाहिरातीत ब्रशभर दाखवतात ती विक्रीसाठी. मुलाने ती गिळू नये, थुंकावी. आणि थुंकल्यावर पाण्याने खळखळून चुळा भरू नयेत, म्हणजे औषध दातावर राहते.

आता आपल्या सुरतेकडे पाहू. हे शहर खाण्याचे शौकीन. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, चांदणी पडव्याला, घारी न खाणारा सुरतकर विरळा, आणि आपण मराठी मंडळीही त्यात मागे नाही. घारीवर माझा राग नाही. १९४० च्या दशकात स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथे बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांवर काही प्रयोग झाले. त्यांची संमती न घेता झालेले ते प्रयोग आज निंद्य मानले जातात. पण त्यांतून एक गोष्ट सिद्ध झाली. साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली आणि दाताला किती चिकटून राहिली, हे अधिक घातक. जेवणाबरोबर खाल्लेली एक घारी दाताचे जेवढे नुकसान करणार नाही, तेवढे दिवसभर चघळलेल्या रुपया-रुपयाच्या चार गोळ्या करतात. आमच्या शाळेत वाढदिवसाला चॉकलेट वाटण्याची प्रथा होती. साठ मुलांच्या वर्गात आठवड्याला सरासरी एक तरी वाढदिवस येतो. आम्ही ती प्रथा बंद केली. आता वाढदिवसाला पेरूच्या फोडी किंवा भाजलेले शेंगदाणे वाटतात. मध्यान्ह भोजनानंतर मुले रांगेने चुळा भरतात. पहिले चार दिवस कुरकुर झाली, पाचव्या दिवशी थांबली.

घरातल्या मोठ्यांसाठीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या कित्येक घरांत आजी आणि आत्या मशेरी लावतात. इकडे गुजरातेत तिच्याच जातीची बजर आहे. ‘दात मजबूत राहतात’ ही समजूत दृढ आहे. टूथपेस्ट आणि दंतमंजन यांत तंबाखू घालण्यास १९९२ साली सरकारने बंदी केली, ती काही उगाच नव्हे. मशेरीने दात मजबूत होत नाहीत. हिरडी आक्रसते, दाताचे मूळ उघडे पडते, आणि तोंडाच्या कर्करोगाला वाट मिळते. नातवंडांचे दात घासून देणारे हात जर मशेरीचे असतील, तर मूल उपदेशापेक्षा हातच पाहील.

पुढच्या पालकसभेत मी त्या गृहस्थांना उत्तर दिले. फळ्यावर दोन दाढा काढल्या. एकीवर ठिपका, दुसरीत खड्डा. ठिपका घरी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने परतवता येतो, त्याला खर्च थोडा. खड्डा परतत नाही. तो थांबवावा किंवा बुजवावा लागतो, आणि जितका उशीर तितका खर्च अधिक. दुखण्याची वाट पाहणे हाच सर्वांत महागडा उपाय. आजीबाईही आल्या होत्या. मी त्यांना म्हटले, “आजी, धुरी द्यायचीच तर द्या, पण दुसऱ्या दिवशी पोराला दवाखान्यात न्या.” त्या म्हणाल्या, “मंग धुरी कशाले?” मला याहून समर्पक बोलता आले नसते.

वाचकांना एकच विनंती. येत्या रविवारी घरातल्या सहा-सात वर्षांच्या मुलाला खिडकीपाशी उजेडात बसवा, तोंड उघडायला सांगा, आणि सर्वांत मागची दाढ स्वच्छ फडक्याने पुसून नीट पाहा. तेथे खडूचा ठिपका दिसला तर घाबरू नका, पण थांबूही नका. ठिपका खड्डा होण्यास काही महिने घेतो, आणि तेवढे महिने आपल्या हाती असतात.